मुकी जागा

भुताच्या गोष्टी रात्री घडतात, असं सगळे म्हणतात.

ही दुपारी घडली.

भरदुपारी, सगळे दिवे लख्ख चालू असताना, ताज्या रंगाचा वास येणाऱ्या एका तळघरात. तेव्हा तिथे नाइटक्लब व्हायचा होता. आता झालाय. लोक रोज तिथे नाचतात. म्हणून पत्ता सांगत नाही.

ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल खोटी म्हणावी. मलाही तेच म्हणायचं होतं. पण शेवटच्या दुपारी मी तिथे होते. त्याआधीचं सगळं माझ्या मोठ्या बहिणीच्या, ताईच्या बाबतीत घडलं. तिने ते मला एकदाच सांगितलं. भांडी घासता घासता, नळ चालू ठेवून. मी तसंच्या तसं सांगतेय.

सुरुवात मात्र शेवटच्या साध्या दिवसापासून करायला हवी.

आमचे बाबा हॉल, सभागृहं, क्लब असल्या ठिकाणी स्पीकर बसवायचे. त्यातही बेसच्या पेट्या, म्हणजे सब-वूफर, हा त्यांचा हातखंडा. गाण्याचा जो भाग कानाआधी पोटाला कळतो, तो या पेट्यांतून येतो. धंद्यात त्यांना सगळे बेसकाका म्हणायचे. खरं नाव बँकेत आणि आईच्या रागात तेवढं उरलं होतं.

पेटी कुठे ठेवायची, हे बाकीचे लोक डोळ्यांनी ठरवतात. बाबा गुडघ्यांनी ठरवायचे.

त्यांची पद्धत अशी. जिथे लोक नाचणार, तिथेच, फ्लोअरच्या मधोमध एक पेटी ठेवायची. तिच्यातून एक खोल, सलग सूर सोडायचा. आणि मग आपण भिंतीच्या कडेकडेने रांगत जायचं. गुडघ्यांवर, कारण पेटी जमिनीवर बसते आणि कानही तिच्याच उंचीला हवा. रांगता रांगता जिथे सूर भरून आणि स्वच्छ ऐकू येईल, ती पेट्यांची कायमची जागा.

"पेटी माणसाच्या जागी, माणूस पेटीच्या जागी," ते म्हणायचे. "जिथून मला ती ऐकू येते, तिथून मी तिला ऐकू जातो. हवेत वन-वे नसतो."

बाबांचा डावा कान बऱ्याच वर्षांपूर्वी गेला होता. म्हणून ताई त्यांच्याबरोबर असायची. ते पुढे रांगायचे, एका जागी थांबायचे, जरा सरकायचे. ती त्यांच्या मागोमाग जाऊन त्यांनी सोडलेल्या जागेवर बसायची. ते मान वळवून विचारायचे, "येतंय का?"

त्या गडगडाटात शब्द कुठला ऐकू यायला? ती ओठांवरून ओळखायची. आणि हात वर करायची. पंजा उघडा, म्हणजे येतंय. मूठ, म्हणजे अजून नाही.

कॉलेजात असल्यापासून हेच. बाबा विचारणार, ताई हात दाखवणार. तिला ते 'डावा कान' म्हणूनच हाक मारायचे. "अगं ए डाव्या काना, चहा झाला का?" मला वाचायचा नाद. कानांचा वारसा सगळा तिच्याकडे गेला.

तर त्या सकाळी बाबा निघाले, तेव्हा गुडघ्यांच्या टोप्या वाळल्या नव्हत्या.

टोप्या म्हणजे आईने जुन्या रजईच्या शिवलेल्या दोन जाड गाद्या, मागे नाडी. आदल्या दिवशी त्यांना रंग लागला म्हणून तिने त्या धुतल्या होत्या.

"आज रांगू नका मग," आई म्हणाली.

"एका दिवसाने काय होतंय!"

तळघरात उतरल्या उतरल्या झटकाकाकांनी बघितलंच. हे बाबांचे वायरमन. तरुणपणी एकदा मेन लाइनला चिकटून सुटले, तेव्हापासून केस उभे ते उभेच, आणि नाव पडलं झटका.

"काय बेसकाका, आज गुडघ्याचं बाशिंग कुठे गेलं?"

"दोरीवर वाळतंय."

"म्हणजे नवरदेव आज तसेच उभे राहणार?"

"उभा राहतोय कशाला, रांगणार आहे."

क्लबचा मालक पोरसवदा होता. त्याने फोनमध्ये फोटो काढून ठेवले होते. डीजेच्या कट्ट्याच्या दोन्ही बाजूंना छतापर्यंत रचलेल्या प्रचंड पेट्या.

"काका, अशा हव्यात. सगळ्यात मोठ्या. एकदम भारदस्त दिसतं."

"दिसतं खरं. पण लोक इथे बघायला येणार की नाचायला?"

"दोन्हीला."

"मग फोटो भिंतीवर लावा. पेट्या मी लावतो." मग जरा मऊ होऊन ते म्हणाले, "हे बघा, छत बुटकं आहे. सगळ्यात मोठी पेटी इथे आणली, तर मोरीत हत्ती कोंडल्यासारखं होईल. अठरा इंची पुरेत. आणि दोन बाजूंना वाटल्या, की मधल्या माणसाला धपाटे आणि कडेच्याला उपास. सगळ्या एका ठिकाणी ठेवू. कुठे, ते रांगल्यावर सांगतो."

"आणि ती मुकी जागा म्हणता, ती?"

मुकी जागा हा बाबांचा शब्द. खालचा सूर लांबलचक असतो. भिंतीवर आपटून परततो आणि वाटेत स्वतःलाच भेटतो. कुठे दोघं मिळून दुप्पट होतात. कुठे एकमेकांना गिळून टाकतात. तिथे उभं राहिलं, की शेजारचा बेसने थरथरतोय आणि आपल्याला काहीच नाही. प्रत्येक हॉलमध्ये अशी जागा असतेच.

"ती मारता येत नाही," बाबा म्हणाले. "हुसकून कुठेतरी नेऊन बसवायची."

"कुठे?"

"टॉयलेटच्या दाराशी. तिथे कोण नाचतंय?"

"रांगेतले नाचतातच की," झटकाकाका म्हणाले.

दिवसभर बाबा उघड्या गुडघ्यांनी सिमेंटवर रांगले. मध्ये वरच्या मजल्यावरचा गाद्यांचा दुकानदार भांडायला आला. म्हणे गिऱ्हाईक गादीवर आडवं झालं, की गादी हलते. बाबा म्हणाले, जास्त भाव लावा. संध्याकाळपर्यंत तीन भिंती झाल्या. मनासारखी जागा मिळाली नाही. चौथ्या भिंतीच्या तोंडाशी ते थांबले आणि खाली बसून गुडघे चोळू लागले.

"उरलेली भिंत उद्या," ते म्हणाले. "पेटी मधून हलवायची नाही रे कोणी. शोध संपेपर्यंत ती हलता कामा नये. हलली, की पहिल्यापासून."

ताईच्या खांद्यावर हात ठेवून ते जिना चढले. वर गेल्यावर म्हणाले, "दिवे बंद केलेस ना?"

"केले."

बस. एवढंच बोलणं.

घरी आले, जेवले, आमटीत मीठ कमी आहे म्हणाले. "सकाळी लवकर उठव," असं आईला सांगून झोपले.

सकाळी आईने हाक मारली. मग पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेला ताई आणि मी आपापल्या खोलीतून धावत आलो, कारण ती हाक वेगळी होती.

टोप्या दोरीवर वाळल्या होत्या.

नंतरचे दिवस कसे जातात, ते ज्यांच्यावर वेळ आली त्यांना ठाऊक आहे. बाकीच्यांना सांगून उपयोग नाही.

मालकाचा फोन आला तेव्हा तो खरंच ओशाळला होता. "ताई, वेळ नाही ही, कळतं मला. पण उद्घाटनाची पत्रकं वाटून झालीत." ताई म्हणाली, येते. बाबांचं शेवटचं काम दुसऱ्या कुणाच्या हातात जावं, हे तिला सोसणार नव्हतं.

ती आणि झटकाकाका तळघरात उतरले.

फ्लोअरच्या मधोमध ती पेटी तशीच होती. बाबांनी ठेवलेली. एकटी. चाकांचे ब्रेक लावलेले.

काकांनी लांबूनच नमस्कार केला. "हिला हात लावावासा वाटत नाही गं."

"वाटून कसं चालेल, काका?"

ताईने बसल्या बसल्या एक निर्णय घेतला. आता रांगायचं नाही. बाबांशिवाय ते तिला जमणार नव्हतं. कान होते, पण पुढे रांगणारं माणूस नव्हतं. तिने अंदाजाने सगळ्या पेट्या डीजेच्या कट्ट्याखाली एका ओळीत लावायचं ठरवलं. ब्रेक काढले आणि दोघांनी मधली पेटी ढकलत नेऊन ओळीत बसवली.

शोध संपला नव्हता. पेटी हलली होती.

हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

सूर सोडला. ताई हॉलभर चालत फिरली. बरं होतं सगळं. बाबांच्या भाषेत, चालेल. फक्त चौथ्या भिंतीजवळ चालताना केबलचा गुंता दिसला, म्हणून ती तो सोडवायला खाली वाकली, गुडघे टेकले...

आणि बेस गेला.

तिला वाटलं, काकांनी बंद केला. मान वळवून बघितलं. बारवरचे ग्लास थरथरत होते. पेट्यांची जाळी थरथरत होती. काका खुणेने विचारत होते, काय झालं?

ती उभी राहिली. बेस आला.

गुडघ्यांवर बसली...

गेला.

आता हे ज्याला या कामाचं काही ठाऊक नाही, त्याला विशेष वाटणार नाही. पण खालचा सूर इतका लांब असतो, की माणसाच्या उभं राहण्या-बसण्याचा त्याला पत्ताही नसतो. मुकी जागा असते ती जमिनीपासून छतापर्यंत असते. रांगणाऱ्या माणसाच्या उंचीची मुकी जागा ताईने कधी पाहिली नव्हती. ऐकलीही नव्हती.

तिने जमिनीवर खडूने खूण केली. पाणी प्यायली. परत येऊन खुणेवर बसली.

बेस होता. चांगला दणदणीत.

मुकी जागा तिथे नव्हती.

ती जरा पुढे होती. भिंतीच्या कडेने... एखादा माणूस रांगत जाईल तेवढी पुढे.

पेट्या हलल्या नव्हत्या. भिंती हलल्या नव्हत्या. ताईने पुन्हा खूण केली, पुन्हा थांबली. जागा पुन्हा पुढे सरकली. मग तिने मान त्या शांततेत घातली आणि डोळे मिटले.

आत एक आवाज होता.

अगदी बारीक.

कापड सिमेंटवर घासल्याचा... मग थांबल्याचा... मग श्वास. तोंडाने घेतलेला, दमलेल्या माणसाचा. मग हाडाचा एक 'कट्' असा आवाज.

तो 'कट्' आमच्या घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. बाबा जमिनीवरून उठायला लागले, की उजवा गुडघा तसा वाजायचा.

ताईने सूर बंद करायला लावला. काकांना म्हणाली, डोकं दुखतंय, उद्या बघू. घरी येऊन ती अंथरुणात पडून राहिली. मी विचारलं, तर म्हणाली, "दमलेय." खोटंही नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दोघं आले तेव्हा मालक चिडून उभा होता.

"ताई, हे काय? काल ओळीत लावलेली पेटी आज परत मध्ये कोणी आणली? आज फर्निचरवाले येणार होते."

फ्लोअरच्या मधोमध एक पेटी होती. एकटी. चाकांचे ब्रेक लावलेले.

कुलूप मालकाकडे. कॅमेरे अजून बसायचे होते. रखवालदार बिचारा आईची शपथ घेऊन सांगत होता, की खाली कोणी उतरलं नाही. आणि उतरलं असतं, तरी ती पेटी एका माणसाने हलण्यातली नव्हती.

 झटकाकाकांनी ताईला बाजूला घेतलं आणि चौथ्या भिंतीकडे बोट दाखवलं.

पॉलिशची पांढरी पूड सगळीकडे पसरली होती. तिच्यात भिंतीच्या कडेने दोन पुसट पट्टे उमटले होते. शेजारी शेजारी... दोन गुडघ्यांमध्ये असतं तेवढं अंतर ठेवून.

"रखवालदाराचं कुत्रं असेल," काका म्हणाले.

"त्याच्याकडे कुत्रं नाहीये, काका."

"माहितीय गं मला."

त्या रात्री ताईने आईकडे टोप्या मागितल्या.

आई भाजी निवडत होती. कशाला हव्यात, असं तिने विचारलं नाही. उठली, कपाट उघडलं. साड्यांच्या घडीखालून त्या काढल्या. देताना मात्र हातात जरा धरून ठेवल्या.

"रोज पहाटे मला तेलाचा वास येतो," ती म्हणाली. "त्यांच्या गुडघ्यांना लावायचे ना, त्याचा. बाटली मी केव्हाच फेकलीय." मग पुन्हा भाजी निवडायला बसली. "नाड्या घट्ट बांधायला सांग."

कोणाला सांग, ते ती बोलली नाही. 

दुसऱ्या दिवशी मालकाने माणसं लावून पेटी पुन्हा ओळीत नेली होती. टोप्या घेऊन ताई तळघरात गेली. त्या चौथ्या भिंतीशी, मुक्या जागेच्या वाटेत, नीट घडी करून ठेवल्या. काकांना सूर सोडायला लावला आणि जरा अंतरावर गुडघे टेकून वाट बघत बसली.

शांतता हळूहळू सरकत आली. कापड घासल्याचा आवाज आला... जवळ आला... टोप्यांपाशी थांबला.

श्वास.

ताई म्हणाली, तेवढा वेळ तिने देवाकडे काय काय मागून घेतलं, ते तिचं तिलाही आठवत नाही.

मग कापड पुन्हा घासलं.

आवाज टोप्यांना वळसा घालून पुढे गेला.

घडीसुद्धा मोडली नव्हती.

ते घेऊ शकत नव्हते. दिसत नव्हत्या, की हाताला लागत नव्हत्या, कोण जाणे. उघड्या गुडघ्यांनी तसेच रांगत पुढे गेले. कोपऱ्यापर्यंत जाऊन मग पुन्हा पहिल्या भिंतीपासून. कारण पेटी हलली होती, आणि पेटी हलली की पहिल्यापासून. त्यांचाच नियम.

ताई तिथेच बसून रडली. सूर थांबवायला लावून काकांना तिने त्या दिवशी सगळं सांगितलं.

काका मोठ्या मनाचे. त्यांनी सूर पुन्हा सोडला, मध्ये उभे राहिले, घसा साफ केला आणि त्या रिकाम्या तळघरात मोठ्याने म्हणाले, "बेसकाका, जागा सापडली हो! छान झालंय. एक नंबर. आता विश्रांती घ्या."

आवाज थांबला.

ताई मुक्या जागेशी गुडघ्यांवरच होती.

...कापड घासलं.

"छान म्हणून उपयोग नाही," सूर बंद झाल्यावर ताई म्हणाली. "ते काय म्हणायचे? छान तर गिऱ्हाईकही म्हणतं."

तेवढ्यात मालक खाली आला. त्याच्याबरोबर दोन अनोळखी माणसं होती, हातात मोजपट्टी घेऊन. त्याने ताईकडे बघायचं टाळलं. "ताई, तुमची अवस्था कळते मला. पण उद्या झालं नाही, तर परवापासून हे लोक करतील. ते दोन्ही बाजूंना लावणार आहेत. फोटोसारखं." त्यांच्यातला एक चौथ्या भिंतीला थाप मारून म्हणाला, "ही भिंत पण फोडू, साहेब. सोफे बसतील."

त्या रात्री ताईने भांडी घासता घासता मला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "उद्या तू चल. काका पेटीपाशी लागतील, पण मला तिथे घरचं कोणीतरी हवंय."

"मला यातलं काय कळतं?"

"कळायला नकोच आहे. नुसती उभी राहा."

मी गेले.

मला वाटलं होतं, काहीतरी भयाण असेल. तसं काही नव्हतं. लांबट हॉल, बुटकं छत, काँक्रीटचे खांब, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या खुर्च्या. कोपऱ्यात कुणाचा तरी डबा आणि पाण्याची बाटली. भीती वाटण्यासारखं काही नाही, हेच भीतीदायक होतं.

पेटी रात्रीतून पुन्हा मधे आली होती. या वेळी ताईने ती हलवली नाही.

"बाबांची उरलेली भिंत मी पुरी करते," ती म्हणाली.

तिने आईने शिवलेल्या टोप्या स्वतःच्या गुडघ्यांना बांधल्या. नाड्या घट्ट आवळल्या. काकांनी सूर सोडला.

तो सूर मला ऐकू आला असं म्हणता येणार नाही. तो माझ्या दातांत आला, फासळ्यांत आला. ताई चौथ्या भिंतीच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसली आणि रांगू लागली. थोडी पुढे. थांबली. पुन्हा पुढे. ती एकटी रांगत नव्हती, हे तिच्या थांबण्यावरूनच कळत होतं. पुढच्याने सोडलेल्या जागेवर ती जाऊन बसत होती.

एका जागी तिने मान वर केली. कुणीतरी काही विचारल्यासारखी.

आणि उजवा हात उचलला. मूठ. अजून नाही.

पुढे सरकली. पुन्हा मान वर, पुन्हा मूठ. असं चालत चालत ती जिन्याखालच्या कोपऱ्यात पोचली. तिथे ती बराच वेळ बसून राहिली. मग तिचा चेहरा बदलला. तिने हात उंच केला, पंजा पूर्ण उघडा. जागा सापडली होती. हाच तो कोपरा, जिथून सूर भरून आणि स्वच्छ येत होता. बाबा त्या संध्याकाळी अजून एक भिंत रांगले असते, तर त्यांनाही सापडला असता.

ती हात तसाच धरून बसली.

मग मला तिच्या डोळ्यांत दिसलं, की काहीतरी चुकतंय.

ती हात हलवू लागली. अजून उंच. दोन्ही हात. एखाद्या गाडीतल्या माणसाला फलाटावरून दाखवावेत तसे. पण ज्याला दाखवत होती त्याला ते दिसत नव्हते. नंतर ती म्हणाली, ते पुन्हा पुन्हा विचारत होते. अगदी जवळून, तिच्या तोंडासमोर. "येतंय का?... येतंय का?" आणि उत्तर मिळत नाही म्हणून पुन्हा पहिल्या भिंतीकडे वळत होते.

मला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही. तेही माझे बाबा होते. मी जीव कानात आणून उभी होते. फक्त माझ्या डाव्या पायाजवळून काहीतरी सरकत गेलं आणि तेवढ्यापुरता गुडघ्याखालचा सूर नाहीसा झाला. गार नाही, गरम नाही. नुसता नाहीसा. मग परत आला.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट सांगते, कारण नंतर सांगवणार नाही.

क्लब ठरल्या दिवशी सुरू झाला. सगळ्या पेट्या जिन्याखालच्या त्या कोपऱ्यात आहेत. बोल्ट मारून पक्क्या. मालक येईल त्याला सांगतो, की असा बेस कुठे मिळणार नाही. तिथे फरशी पुसणाऱ्या बाईंना मी एकदा गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, भिंतीच्या कडेला कधी कधी सकाळी दोन पट्टे असतात. कधी नसतात. मी विचारलं, हल्ली असतात का? त्या म्हणाल्या, मी बघत नाही ताई, आधी तिथलं पुसून घेते.

आईला पहाटे अजून तेलाचा वास येतो का, हे विचारायचं मला धाडस होत नाही.

म्हणजे त्यांनी ऐकलं, की नाही ऐकलं, हे मला माहीत नाही. ताईलाही माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

एवढंच माहीत आहे, की त्या दुपारी ताईने हात खाली घेतले. हवेत वन-वे नसतो, हे बहुधा तिला तेव्हा आठवलं असावं. ते जर तिला ऐकू येत होते, तर तिथून तीही त्यांना ऐकू गेली असती. पण इतक्या वर्षांत तिने हे उत्तर कधी तोंडाने दिलंच नव्हतं. गरजच पडली नव्हती. हात पुरायचा.

ती कोपऱ्यात गुडघ्यांवर तशीच बसली होती. मी हॉलच्या मधोमध, पेटीला टेकून. त्या गडगडाटात मला तिचा शब्द ऐकू येणं शक्य नव्हतं.

तरी तो आला. कानाशी बोलल्यासारखा, स्वच्छ.

"येतंय, बाबा," ताई म्हणाली. "ऐकू येतंय. मला सगळं ऐकू येतंय... उठा आता."